बॅटल कॅट्स नव्याने खेळताय? आधी भिंत उभी करा, दुर्मिळ मांजरं नंतर

द बॅटल कॅट्स उघडलं की पहिल्यांदा भेटतं एक पांढरं, गोल डोक्याचं, मख्ख चेहऱ्याचं मांजर. हेच तुमचं पहिलं सैन्य. पुढे शेकडो प्रकार मिळतात. कुणाला माणसासारखे लांबलचक पाय, कुणाचं अंग माशाचं, कुणी सरडा, कुणी उडती तबकडी, कुणी चिलखतातली योद्धी. त्यांना गोळा करायचं, वाढवायचं, त्यांची रूपं बदलायची आणि समोरून चालत येणाऱ्या तितक्याच चमत्कारिक प्राण्यांवर सोडायचं. राक्षस गोळा करायचा नाद आणि टॉवर डिफेन्सचा, म्हणजे चाल करून येणाऱ्या शत्रूंपासून तळ राखायचा, हिशेब असे दोन खेळ यात एकत्र नांदतात. क्योटोच्या पोनोस कंपनीने तो २०१२ साली जपानमध्ये आणला. इंग्रजीत तो आज ज्या नावाने ओळखला जातो ते नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं.

नवे खेळाडू बहुतेक एकाच कारणाने अडकतात. गोळा करायचा खेळ म्हटल्यावर डोळा दुर्मिळ मांजरांवर जातो. सगळा जीव कॅप्सूल, म्हणजे नशिबाने मांजर देणारं यंत्र, फिरवण्यात लागतो आणि सातव्या-आठव्या टप्प्यापासूनच तळ पडायला लागतो. हा खेळ जिंकून देणारी मांजरं यादीतली सगळ्यात स्वस्त असतात, आणि त्यांच्या जोडीला लागतं पैसा कधी अडवायचा नि कधी सोडायचा याचं भान. हा लेख त्याच क्रमाने जातो. कॅप्सूलचा विषय येईल, पण बराच उशिरा.

उतरवण्याआधी दोन कामं

खेळ फुकट आहे, पण आत खरेदी आहे. घरातल्या ज्या फोनवर यूपीआय किंवा कार्ड जोडलेलं आहे त्यावर मुलं खेळणार असतील, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आधी चालू करा. आयफोनवर हीच गोष्ट स्क्रीन टाइममधून होते. दोन मिनिटांचं काम आहे. वाद झाल्यावर करण्यापेक्षा आधी केलेलं बरं.

दुसरं काम, डेटा ट्रान्सफरचं पान शोधून ठेवा. तुमची प्रगती मुख्यतः फोनमध्ये असते. फोन बदलायच्या आधी ट्रान्सफरची प्रक्रिया पूर्ण केली नाही तर महिनोन्महिने जमवलेली मांजरं जुन्या फोनबरोबर जातात. नुसतं ॲप नव्या फोनवर उतरवून काही होत नाही.

मेनू इंग्रजीत असला तरी घाबरायचं कारण नाही, शब्द मोजकेच आहेत. मुख्य मोहीम नेटशिवायही चालते, त्यामुळे लोकलमध्ये बोगद्यात रेंज गेली तरी लढाई थांबत नाही. एक टप्पा साधारण दोन ते पाच मिनिटांचा असतो.

मैदान कसं वाचायचं

ज्यांनी प्लांट्स व्हर्सेस झोंबीज किंवा ब्लून्स खेळलंय त्यांना इथे थोडं चुकल्यासारखं होईल. इथे वळणाचा रस्ता नाही आणि मनोरे बांधायच्या जागाही नाहीत. एकच सरळ रेघ. उजव्या टोकाला तुमचा तळ, डाव्या टोकाला शत्रूचा. तुम्ही मांजर सोडलं की ते स्वतःच चालत जातं, समोर काही आलं की थांबून मारतं. एकदा सोडलेल्या मांजराला परत बोलावता येत नाही, थांबवता येत नाही. तुमच्या हातात तीनच गोष्टी आहेत: कोण, कधी आणि किती.

खालच्या डाव्या कोपऱ्यात वर्कर कॅटचं बटण असतं. पैसा आपोआप वाढत राहतो, पण पाकिटाला मर्यादा असते. वर्कर कॅटची पातळी वाढवली की पैसा जलद येतो आणि पाकीटही मोठं होतं. लढाईत ही पातळी आठपर्यंत जाते आणि प्रत्येक पायरी आधीपेक्षा महाग असते. लढाई संपली की ती पुन्हा एकवर येते. खालच्या उजव्या कोपऱ्यात कॅट कॅननचं बटण आहे. तोफ हळूहळू भरते, डागली की शत्रूंना थोडी इजा होते आणि ते मागे उडतात. खरी किंमत त्या मागे उडण्याची आहे.

मधल्या पट्ट्यात तुमची टोळी असते. पाच-पाचच्या दोन ओळी, म्हणजे एका लढाईत जास्तीत जास्त दहा प्रकार. प्रत्येक मांजराची किंमत वेगळी, आणि एकदा सोडल्यावर तेच मांजर पुन्हा सोडायला काही वेळ थांबावं लागतं. नवखे किंमत बघतात आणि हा थांबा विसरतात. ऐन वेळी भिंत, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणाऱ्या स्वस्त मांजरांची रांग, फुटते ती पैसा नाही म्हणून नव्हे, तर भिंतीचं मांजर अजून तयार झालेलं नाही म्हणून.

नऊ साधी मांजरं

मुख्य मोहिमेच्या पहिल्या भागात टप्पे जिंकत गेलात की नऊ साधी मांजरं एकेक करून उपलब्ध होतात. या नऊ जणांवर पूर्ण पहिला भाग जिंकता येतो. माझ्या मते जिंकावाच, कारण खेळ शिकायचा तो इथेच.

भिंतीची दोन. कॅट, म्हणजे तेच मख्ख मांजर, पहिल्या भागात ५० ला मिळतं. टँक कॅट १०० ला. टँक कॅटचा मार नगण्य, पण एक गुण त्याला भिंत बनवतो. या खेळात ठरावीक जीव गेला की मांजर मागे उडतं, म्हणजे ओळ तुटते. टँक कॅट मधेच उडत नाही, मरेपर्यंत जागा धरतं. म्हणून पुढे कितीही भारी मांजरं मिळाली तरी टोळीतल्या पहिल्या दोन जागा भिंतीच्या. त्या मोडू नका.

लांबून मारणारी दोन. ग्रॉस कॅट म्हणजे लांब पायांचं, आणि लिझर्ड कॅट म्हणजे सरड्याचं. साध्या कॅटचा पल्ला १४०, ग्रॉसचा ३५०, लिझर्डचा ४००. आकड्यांचा अर्थ इतकाच की भिंत पुढे मार खात असते तेव्हा हे दोघं मागे सुरक्षित उभे राहून तोडत असतात. लिझर्ड पहिल्या भागात १००० ला येतं. ते परवडायला लागलं की खेळाचा रंगच बदलतो. त्याची एक खोट मात्र लक्षात ठेवा: ते एका वेळी एकालाच मारतं. समोर छोट्या शत्रूंची गर्दी असेल तर लिझर्डचा भारी फटका एखाद्या किरकोळ कुत्र्यावर वाया जातो.

गर्दीसाठी टायटन कॅट आणि बर्ड कॅट. दोघांचा मार समोरच्या सगळ्यांवर एकदम पडतो. टायटन संथ, महाग आणि ताकदवान. काऊ कॅट वेगाने धावतं, सुरुवातीच्या फुटकळ शत्रूंना उडवायला चांगलं, पण बॉससमोर, म्हणजे टप्प्यातल्या सगळ्यात दांडग्या शत्रूसमोर, कागदासारखं फाटतं. ॲक्स आणि फिश मधल्या फळीतली. ती वाईट नाहीत, पण पैसा कमी असताना आधी भिंत आणि लिझर्ड बघा.

दहाव्या पातळीला प्रत्येकाचं दुसरं रूप उघडतं. कॅटचं पिळदार दंडांचं माचो कॅट होतं, टँकचं वॉल कॅट, लिझर्डचं ड्रॅगन कॅट. ही दुसरी रूपं बिनदिक्कत वापरा, साध्या नऊ जणांत जुन्या रूपाकडे परत जायचं कारण सहसा पडत नाही.

एक लढाई, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

पहिल्या भागातला मधला कुठलाही टप्पा घ्या, ज्यात शेवटी एक बॉस येतो.

लढाई सुरू झाली. डावीकडून डोज नावाचा कुत्रा निघाला. हात शिवशिवतात, पण काही सोडू नका. त्याला चालू द्या. मैदान लांब आहे, तो तुमच्या तळापर्यंत येईस्तोवर वर्कर कॅट दोन-तीन पायऱ्या चढवून घ्या. तळाला एक-दोन चावे बसले तरी बिघडत नाही. तळाच्या जिवावर बक्षीस अवलंबून नसतं, तो पडला नाही एवढंच पुरे. डोज जवळ आला की एक साधं कॅट सोडा. कुत्रा मेला, त्याचे पैसे तुमच्या पाकिटात.

शत्रू तुमच्याच दारात मारण्याचे दोन फायदे आहेत. सोडलेलं मांजर लगेच लढायला पोचतं, आणि शत्रूच्या तळापासून तुमची ओळ दूर राहते. दुसऱ्या फायद्याचं महत्त्व थोड्याच वेळात कळेल.

आता हिप्पो येतो. संथ, जाड कातडीचा. इथे टँक आणि कॅट आलटून पालटून, बटण तयार झालं की लगेच, अशी रांग चालू ठेवा. भिंतीत खंड पडू द्यायचा नाही. मागे एक ग्रॉस, पैसा जमला की दुसरं ग्रॉस. एकदम पाच महागडी मांजरं सोडायचा मोह टाळा, कारण त्याच पैशात दहा-वीस भिंती येतात, आणि भिंत नसली तर मागचे लांब पल्लेवाले समोरच्याच्या तोंडी जातात. हिप्पो मेला की मोठी रक्कम येते. ती लगेच उधळू नका. वर्कर कॅट आणखी एक-दोन पायऱ्या वर न्या, पहिलं लिझर्ड काढा आणि पाकीट जवळजवळ भरू द्या.

इथे बहुतेक नवखे हरतात. मैदान मोकळं दिसतं, ओळ पुढे सरकते, एखादं काऊ कॅट धावत जाऊन शत्रूच्या तळाला धडक देतं आणि बॉस बाहेर येतो. बऱ्याच टप्प्यांत बॉस वेळेवर नाही, तळाला फटका बसला की येतो, कधीकधी पहिल्याच फटक्याला. तो येताना एक धक्का बसतो आणि पुढे असलेली तुमची सगळी मांजरं मागे फेकली जातात. तुमच्या खिशात तेव्हा पैसा नसेल, तोफ भरलेली नसेल, तर पुढचं अर्धं मिनिट नुसतं बघत बसायचं.

म्हणून मैदान मोकळं झालं की उलट थांबायचं. धावणारी मांजरं सोडणं बंद. पाकीट भरलं, तोफ पूर्ण भरली, मागे दोन-तीन लिझर्ड चालत निघाली, मग भिंतीला शत्रूच्या तळाला हात लावू द्या. बॉस आला, धक्का बसला, ओळ विस्कटली. लगेच भिंतीची दोन्ही बटणं चालू करा. तोफ मात्र राखून ठेवा. बॉस फटक्यासाठी हात उगारतो तेव्हा त्याच क्षणी डागलीत तर तो मागे उडतो आणि उगारलेला फटका वाया जातो. तेवढ्यात तुमच्या भिंतीच्या दोन-तीन विटा पुढे येतात. ही एकच सवय लागली की पहिल्या भागातल्या बहुतेक बॉसची भीती जाते.

हरायला लागलात तर कॅट फूड, म्हणजे खेळातलं मौल्यवान चलन, देऊन लढाई पुढे चालू ठेवायची सोय खेळ दाखवतो. नाही म्हणा. हरलेल्या लढाईत कॅट फूड ओतणं म्हणजे शुद्ध नासाडी. तो टप्पा पाच मिनिटांत पुन्हा खेळता येतो.

एक्सपी कुठे घालायचे

लढाई जिंकली की एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, मिळतात आणि त्यांनी मांजरांची पातळी वाढवता येते. पहिला क्रम सरळ आहे: कॅट आणि टँक दहापर्यंत, मग लिझर्ड आणि ग्रॉस, मग टायटन. बाकीच्यांना त्यानंतर.

त्याच पानावर सरकत गेलात की मांजरांच्या शेजारी तळाच्या सुधारणा दिसतात, आणि नवे खेळाडू त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यात रिसर्च म्हणून एक आहे, तिच्यामुळे मांजर पुन्हा तयार व्हायचा वेळ घटतो. भिंत फुटण्याचं जे कारण वर सांगितलं त्यावर थेट औषध तेच. वर्कर कॅटचा वेग वाढवणारी, पाकीट मोठं करणारी आणि मारलेल्या शत्रूमागे जास्त पैसे देणारी अकाउंटिंग, याही घ्या. तोफेचा मार वाढवणाऱ्या सुधारणेची घाई नको. तोफेचं काम ढकलायचं आहे, ठार करायचं नाही. तोफ लवकर भरणारी सुधारणा मात्र कामाची.

सगळ्या मांजरांच्या पातळ्यांची बेरीज म्हणजे तुमची युजर रँक. ठरावीक रँकला तिकिटं, एक्सपी, कॅट फूड अशी बक्षिसं मिळतात. त्यामुळे कधीच वापरात नसलेल्या मांजराचीही पहिली स्वस्त पातळी वाढवणं पुढे फायद्याचं ठरतं. पण हे एक्सपी शिल्लक पडायला लागल्यावर.

खजिने: सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात मोठी मदत

एम्पायर ऑफ कॅट्स ही मुख्य मोहीम तीन भागांची आहे. प्रत्येक भागात जगाच्या नकाशावर ४८ टप्पे, सुरुवात कोरियापासून आणि शेवट चंद्रावर. प्रत्येक देशात एक खजिना दडलेला असतो. जिंकल्यावर तो मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर तीनपैकी एका प्रतीचा: हलका, साधा किंवा उत्तम. हे खजिने गटांमध्ये बांधलेले आहेत. गट पूर्ण झाला आणि त्यातले सगळे उत्तम प्रतीचे असले की फायदा पुरेपूर मिळतो. कुठला गट पैसा जलद आणतो, कुठला तोफ लवकर भरतो, कुठला मांजरांचा मार आणि जीव वाढवतो.

हे किरकोळ नाही. तिन्ही भागांतले हल्ल्याचे आणि जिवाचे गट पूर्ण केले तर तुमच्या प्रत्येक मांजराचा मार आणि जीव मूळच्या अडीचपट होतो. कुठलंही दुर्मिळ मांजर एकट्याने एवढा फरक पाडत नाही. अडकलेला माणूस मदत मागायला येतो तेव्हा अनुभवी खेळाडू पहिला प्रश्न हाच विचारतात: खजिने किती झाले? उत्तर बहुतेक वेळा ‘थोडेफार’ असं येतं, आणि चर्चा तिथेच संपते.

पद्धत अशी ठेवा. एकेका देशामागे हट्टाने बसू नका, आधी पुढे जात राहा. जिथे अडकाल तिथे थांबा, मागे वळा आणि आता सहज जिंकता येणाऱ्या टप्प्यांतून खजिने गोळा करा. आधी पैशाचे गट, मग हल्ला आणि जीव. ठरावीक वेळी ट्रेझर फेस्टिव्हल लागतो, तेव्हा खजिना मिळायची शक्यता वाढते. प्रत्येक लढाईला लागणारी ऊर्जा त्याच वेळेसाठी राखून ठेवली तर अर्ध्या मेहनतीत काम होतं. ऊर्जा साधारण मिनिटाला एक या वेगाने भरते, त्यामुळे थोडं नियोजन जमतं. शिवाय ट्रेझर रडार नावाचं साहित्य वापरलं तर त्या लढाईत उत्तम खजिना पक्का. ते मोजकंच मिळतं. सोप्या टप्प्यावर खर्च करू नका. जो टप्पा जिंकताना दमछाक होते आणि पुन्हा खेळावासा वाटत नाही तिथे वापरा.

हे काम कंटाळवाणं आहे, यात शंका नाही. रेडिओ किंवा पॉडकास्ट लावून करायचं काम. स्पीड अप चालू केलं की लढाई दुप्पट वेगाने पळते, तेवढाच दिलासा.

आता कॅप्सूल

जपानमध्ये नाणं टाकून दांडा फिरवला की प्लास्टिकच्या गोळ्यातून खेळणं पडतं अशी यंत्रं असतात. गॅचा ही कल्पना तिथली. बॅटल कॅट्समध्ये दोन यंत्रं आहेत. चंदेरी तिकिटांवर चालणारं साधं, ज्यातून साध्या मांजरांच्या जादा पातळ्या, एक्सपी आणि लढाईचं साहित्य मिळतं. ते मनमोकळं वापरा. दुसरं दुर्मिळ, ज्याला रेअर तिकीट किंवा १५० कॅट फूड लागतं. दहा वेळा एकदम फिरवायचं तर १५००.

दुर्मिळ यंत्रात रेअर, सुपर रेअर आणि उबेर सुपर रेअर असे स्तर, त्यांच्यावर क्वचित मिळणारं लेजंड. साध्या दिवशी उबेरची शक्यता साधारण ५ टक्के असते. गणित करून बघा: दहा वेळा फिरवल्यावर किमान एक उबेर मिळण्याची शक्यता ४० टक्के येते, म्हणजे १५०० कॅट फूड घालूनही एकही उबेर न मिळणं हेच जास्त संभाव्य. वीस वेळा फिरवलं तरी ६४ टक्के. उबेरफेस्ट आणि एपिकफेस्ट नावाचे उत्सव अधूनमधून लागतात, त्यांत हे प्रमाण वाढतं. कधी ‘गॅरंटीड’ म्हणून असं यंत्र येतं ज्यात दहानंतर अकरावं उबेर नक्की मिळतं. फुकटात खेळणाऱ्याने कॅट फूड साठवायचं ते याच दिवसांसाठी. बाकी दिवशी यंत्राच्या पानावर जाऊच नका, चित्रं बघून हात घसरतो. प्रत्येक यंत्राची टक्केवारी खेळातच लिहिलेली असते, ती वाचल्याशिवाय फिरवायचं नाही.

समजा पहिल्याच आठवड्यात उबेर मिळालं. आनंद करा, फोटो काढा, पण टोळी त्याच्याभोवती बांधू नका. उबेर बहुतेक महाग असतात, कित्येकांची किंमत चार हजारांच्या घरात, आणि पुन्हा तयार व्हायला फार वेळ घेतात. सुरुवातीचं तुमचं पाकीट तेवढं मोठंही नसतं. पगार बेताचा असताना हप्त्यावर मोठी गाडी घ्यावी आणि पेट्रोलला पैसे उरू नयेत, तशी गत होते. उबेर शोभतं ते पैशाचे खजिने आणि वर्कर कॅट सुधारल्यावर.

त्याउलट रेअर आणि सुपर रेअरमध्ये स्वस्त, ठरावीक शत्रूवर चालणारी मांजरं असतात, आणि त्यांना नवखे ‘पुन्हा हेच आलं’ म्हणून बाजूला टाकतात. यादी उघडून प्रत्येकाचा गुण वाचा. लाल शत्रूंना थोपवणारं, उडत्यांना मागे ढकलणारं, काळ्यांना संथ करणारं असं एखादं तुमच्याकडे आधीच असतं.

शत्रूंचे रंग

पुढे जाल तसे शत्रूंना प्रकार येतात: लाल, उडते, काळे, मेटल, एंजल, एलियन, झोंबी वगैरे. पहिल्या भागात याची फार फिकीर नको. पण एका प्रकाराशी पहिली गाठ पडते तेव्हा माणूस हमखास गोंधळतो, तो म्हणजे मेटल. चकचकीत धातूच्या हिप्पोला कुठल्याही मांजराने कितीही जोरात मारलं तरी एका फटक्याला एकच जीव कमी होतो. तुमचं टायटन आणि तुमचं ५० वालं कॅट त्याच्यासमोर सारखंच. वाट दोनच. एक म्हणजे क्रिटिकल फटका मारणारं मांजर, कारण क्रिटिकल धातूच्या पार जातो. सुपर रेअरमधलं कॅटासॉरस याचसाठी लोकांना प्रिय आहे. ते नसेल तर दुसरी वाट गर्दीची: पटापट फटके मारणारी स्वस्त मांजरं सतत सोडत राहायचं आणि धीर धरायचा.

झोंबी जमिनीत शिरून तुमच्या भिंतीच्या पाठीमागून निघतात आणि मेलेले पुन्हा उठतात. एलियनसाठी पुढच्या मोहिमेतले खजिने लागतात. हे सगळं तुमच्यापासून बरंच लांब आहे.

क्रेझ्ड मांजरं आणि दुसरा भाग

महिन्याच्या ३, ६, ९ अशा तीन-तीनने वाढणाऱ्या तारखांना, २७ पर्यंत, साध्या नऊ मांजरांच्या पिसाळलेल्या आवृत्त्या लढाईला येतात. ३ तारखेला क्रेझ्ड कॅट, ६ ला क्रेझ्ड टँक, याच क्रमाने. जिंकलात तर ते मांजर तुमचं होऊ शकतं. बक्षीस भारी आहे, विशेषतः टँक, कारण साध्या टँकच्या जोडीला दुसरी भिंत मिळते. पण पहिल्या भागात असताना या लढाया म्हणजे ऊर्जेचा चुराडा. तारीख बघून हुरळून जाऊ नका. पहिले दोन भाग आणि त्यांतले बरेचसे खजिने झाल्यावर आधी टँककडे वळा.

चंद्र जिंकून पहिला भाग संपला की दुसरा भाग पुन्हा कोरियापासूनच सुरू होतो. तेच देश, पण शत्रू जास्त दांडगे. आणि एक बदल पडद्यावर कुठे ठळक लिहिलेला नसतो: तुमची मांजरं महागतात. जे कॅट ५० ला होतं ते दुसऱ्या भागात ७५ ला, तिसऱ्यात १०० ला. टँक १०० वरून १५० आणि मग २००. लिझर्डला आता १५०० मोजावे लागतात. पहिल्या भागाच्या सवयीने तिसऱ्या मिनिटाला लिझर्ड काढायला जाल तर पाकीट रिकामं आणि भिंतीला पैसे नाहीत अशी वेळ येते. त्यामुळे दुसऱ्या भागाचे पहिले आठ-दहा टप्पे खेळताना वर्कर कॅट आधीपेक्षा एक पायरी जास्त चढवूनच लढाईला हात घाला, आणि पहिल्या भागातले पैशाचे खजिने अर्धवट राहिले असतील तर आधी मागे जाऊन ते पूर्ण करा. तिसऱ्या भागाच्या चंद्रावर बहामुत भेटतो, आणि तो भाग संपवला की बहामुत कॅट तुमच्या टोळीत येतं, कॅप्सूलला हातही न लावता.